गिरणीचं इंजिन हवा कशी घेतं?



आम्ही एका बचत गटाच्या अकरा जणी. आमच्या गावात लाइट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून गटाचं कर्ज काढून आम्ही पाच हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन घेतलं आणि त्यावर पिठाची गिरणी बसवली. डिझेल किती आणलं, दळण किती झालं, पट्टा कधी बदलला, सगळं आमच्या वहीत लिहिलेलं असतं. पण इंजिन आणखी एक गोष्ट खातं, आणि तीही डिझेलपेक्षा कितीतरी जास्त, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती गोष्ट म्हणजे हवा. फुकट मिळते म्हणून तिचा हिशेब आम्ही कधी ठेवलाच नाही. आज त्याचंच सांगणार आहोत, कारण ही चूक आम्हाला फार महागात पडणार होती.

झालं असं. दिवाळीच्या तोंडावर गिरणीला गर्दी. चकलीची भाजणी, बेसन, रोजची ज्वारी-बाजरी, डब्यांची रांग दारापर्यंत. नेमकं तेव्हाच इंजिन दम सोडायला लागलं. मोकळं चालवलं तर बरं चालायचं, पण दळण टाकलं की आवाज बसायचा आणि सायलेन्सरमधून काळा धूर यायचा. डिझेलही जास्त लागायला लागलं. मिस्त्री आले, धूर बघितला आणि म्हणाले, "लायनर-पिस्टन गेलेलं दिसतंय. इंजिन खोलावं लागेल." त्यांनी सांगितलेला खर्च म्हणजे आमच्या गटाची आठ महिन्यांची बचत. काहीजणी तर पासबुक काढून बसल्या.

आमच्या गटात लोहाराच्या एक आजी आहेत. नवऱ्याच्या भट्टीवर भाता ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं पोरींनो, भट्टी काळा धूर ओकायला लागली की मी कोळसा बदलत नव्हते. वारा कुठं अडलाय ते आधी बघायची. तुमच्या या इंजिनाचं नाक कुठंय?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. चार वर्षं इंजिन चालवत होतो, पण त्याचं नाक कुठं ते कुणालाच सांगता येईना.

शोधलं तेव्हा सापडलं. हेडला जोडलेल्या नळीच्या टोकाला लोखंडी डबा होता. त्याला एअर क्लीनर म्हणतात. इंजिन बंद करून त्याची खालची वाटी काढली. तिच्यात तेल असायला हवं होतं. होतं काय, तर तेलात मळलेलं पीठ, पुरणासारखं घट्ट! वरची तारेची जाळीही पिठानं गच्च भरलेली. जाळी डिझेलमध्ये धुतली, वाळवली, वाटीत नवं तेल खुणेपर्यंत भरलं आणि इंजिन सुरू केलं. दळण टाकलं तरी आवाज बसला नाही, धूरही जवळजवळ गेला. पासबुक पुन्हा पेटीत गेलं.

मिस्त्रींना आम्ही दोष देत नाही. काळ्या धुराची कारणं अनेक असतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. पण सगळ्यात सोपं कारण आधी तपासायचं, हे आमचं आम्हाला कळायला हवं होतं. मग आम्ही ठरवलं की हे यंत्र आतून कसं चालतं ते समजून घ्यायचं.

इंजिन खरंच हवा ओढतं का?

आपण म्हणतो, इंजिन हवा ओढतं. बोलायला ते ठीक आहे. पण आत काय होतं ते नीट बघू.

इंजिनाच्या आत एक गुळगुळीत नळकांडं असतं. त्यात वर-खाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दांडा मागे घेतला की आत जागा वाढते आणि बादलीतलं पाणी आत शिरतं. इंजिनात पाण्याऐवजी हवा शिरते, एवढाच फरक. पिस्टन खाली येतो, आतली जागा वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा उतरतो. बाहेरच्या हवेचा दाब जास्त असतो, म्हणून तीच हवेला आत ढकलते. खरं काम बाहेरच्या हवेचं. पिस्टन फक्त जागा करून देतो.

हवेला एवढा जोर असतो का? असतो. आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत हवा आहे आणि तिला वजन आहे. त्या वजनानं दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचा दाब पडतो. याचा पुरावा तुमच्या विहिरीवर आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठावरच्या पंपाला ते येत नाही. पंप खाली, पाण्याजवळ उतरवावा लागतो. मोठा पंप आणला तरी तेच. कारण पाणी वर चढवते ती बाहेरची हवा, आणि तिच्या अंगात सुमारे दहा मीटर पाणी चढवण्याइतकाच जोर आहे. प्रत्यक्षात सहा-सात मीटरवरच पंप हात टेकतो. इटलीतल्या टोरिचेली नावाच्या शास्त्रज्ञानं १६४४ साली एका पत्रात हे मांडलं की आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. त्याच समुद्राचा दाब आपल्या गिरणीचं इंजिन भरतो.

चार हालचाली

आता भात्याकडे येऊ. लोहाराच्या भात्याला आत उघडणारी कातड्याची झडप असते. भाता फुगवला की झडप उघडते आणि हवा आत येते. दाबला की झडप मिटते आणि हवा नळीतून भट्टीत जाते. इंजिनाला अशा दोन झडपा असतात. मिस्त्री त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. एक हवा आत घ्यायची, दुसरी धूर बाहेर सोडायची. त्यांना वेळेवर उघडायचं काम टॅपेट आणि कॅम करतात, आणि मिटायचं काम स्प्रिंग.

आपल्या गिरणीवरच्या इंजिनात पिस्टनच्या चार हालचालींचा एक फेरा असतो.

पहिली हालचाल श्वास घेण्याची. पिस्टन खाली, हवेची झडप उघडी, हवा आत.

दुसरी दाबण्याची. दोन्ही झडपा बंद, पिस्टन वर. आत आलेली हवा सोळा-सतरा पट लहान जागेत कोंबली जाते. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम झालेलं तुम्ही अनुभवलं असेल. दाबली की हवा तापते. इथं तर ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

तिसरी कामाची. त्या तापल्या हवेत नोझल डिझेलची बारीक फवारणी करतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही, डिझेल आपोआप पेटतं. त्या जोरानं पिस्टन खाली ढकलला जातो आणि जातं फिरतं.

चौथी श्वास सोडण्याची. धुराची झडप उघडते, पिस्टन वर येतो, धूर बाहेर.

चार हालचालींचं इंजिन जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चालवून दाखवलं. हवा दाबून तापवायची आणि त्या तापानंच इंधन पेटवायचं, ही युक्ती रुडॉल्फ डिझेल यांची. त्यांचं इंजिन १८९७ साली यशस्वी झालं. आपण इंधनाला जे नाव घेतो ते या माणसाचं आडनाव आहे.

यात आणखी एक गंमत आहे. पिस्टन तळाला पोचला की हवेची झडप लगेच मिटायला हवी, असं आपल्याला वाटेल. पण ती थोडी उशिरा मिटते. पाटाचं पाणी आठवा. वेगानं येणारं पाणी दार लावतानाही पुढं रेटत राहतं. नळीतली हवाही तशीच रेट्यात असते. झडप थोडी उघडी ठेवली की त्या रेट्यानं आणखी थोडी हवा आत शिरते. म्हणून टॅपेटचं अंतर मिस्त्रीकडून ठरलेल्या मापालाच ठेवून घ्यावं. अंतर फार झालं तर झडप कमी उघडते. अंतरच उरलं नाही तर झडप नीट मिटत नाही, दाबलेली हवा निसटते आणि इंजिन चालू व्हायला कुरकुरतं.

दोन टँकर हवा

आता हिशेब मांडू. हिशेबात आपण बायका मागे नसतो.

पाच हॉर्सपॉवरच्या एका नेहमीच्या इंजिनाचं माप असं असतं: नळकांड्याचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. म्हणजे एका घोटाला अर्ध्या लिटरहून थोडी जास्त, सुमारे ५५० मिलिलिटर जागा. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं. दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे मिनिटाला ७५० श्वास. एका श्वासाला वेळ मिळतो सेकंदाचा पन्नासावा भाग. एवढ्या घाईत नळकांडं काठोकाठ भरत नाही, तरी मिनिटाला साडेतीनशे लिटर हवा सहज जाते. तासाला झाली २१,००० लिटर. दुष्काळात गावात दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तसे दोन टँकर भरून हवा दर तासाला!

वजनात बघा. ही हवा भरते सुमारे २४ किलो. त्याच तासात पूर्ण कामावर डिझेल जळतं एक लिटरच्या आसपास, म्हणजे किलोभरसुद्धा नाही. डिझेल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या निदान साडेचौदा पट हवा लागते. फवारा सगळ्या हवेत सारखा मिसळत नाही, म्हणून डिझेल इंजिनाला त्याहून बरीच जास्त हवा ठेवावी लागते. त्यात हवेतला जाळायला उपयोगी प्राणवायू फक्त पाचवा हिस्सा. बाकीची हवा नुसती तापते आणि फुगते.

वाट अडली की काय होतं?

जाळी पिठानं भरली तरी पिस्टनची धाव तेवढीच राहते. जागा तेवढीच, पण तिच्यात विरळ हवा येते. भांडं तेच, ताक पातळ, असं समजा. हवा कमी म्हणून जाळ कमी, जाळ कमी म्हणून वेग पडतो. वेग पडला की गव्हर्नर नावाचा भाग तो सावरायला आणखी डिझेल सोडतो. पण जाळायला हवाच नाही! चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी दिली नाही तर जे होतं तेच इथं होतं. अर्धं जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. आमच्या गिरणीत नेमकं हेच चाललं होतं. आम्ही पैसे देऊन आणलेलं डिझेल धूर करून उडवत होतो.

धुराचा रंग बघायची सवय लावा. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. यात नोझलचा दोष किंवा झेपणार नाही एवढं दळणही आलं. निळसर धूर म्हणजे आतलं वंगणतेल जळतंय, तिथं रिंगा-लायनर झिजल्याचा संशय घ्यावा. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. थंडीत सुरुवातीला तो थोडा वेळ येतो, पण येतच राहिला तर मिस्त्रीला दाखवा.

स्कूटीचं मात्र वेगळं. पेट्रोल गाडीत आपण मूठ पिळतो तेव्हा हवेच्या वाटेतली एक चकती उघडते. तिथं हवाच कमी-जास्त केली जाते आणि पेट्रोल तिच्या मापानं मिसळतं. आपल्या गिरणीच्या डिझेल इंजिनात हवेची वाट कायम मोकळी, फक्त डिझेल कमी-जास्त होतं. म्हणूनच ही वाट मोकळी ठेवणं एवढं महत्त्वाचं.

जाळी काढून चालवलं तर?

आमच्यातल्या एका वहिनींनी विचारलं, "एवढी कटकट करते तर ती जाळी काढूनच टाकू या की." चुकूनही असं करू नका. मातीच्या धुळीत वाळूचे बारीक, कठीण कण असतात. ते आत गेले की लायनर आणि रिंगांच्या मध्ये जात्यासारखं दळण सुरू होतं. दळला जातो तो आपला लायनर. मिस्त्रींनी सांगितलेला खर्च मग खरोखरच करावा लागतो.

एअर क्लीनर दोन प्रकारचे असतात. तेलाच्या प्रकारात हवा वाटीतल्या तेलावर आपटून झटकन वळते. हवा वळते, पण जड धूळ वळू शकत नाही आणि तेलात पडते. उरलेली तारेच्या ओल्या जाळीत अडकते. यात तेल खुणेपर्यंतच भरायचं. कमी झालं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर तेल हवेबरोबर आत ओढलं जातं, आणि डिझेल इंजिन तेलावरही पळतं! मग डिझेल बंद केलं तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो. असं कधी झालंच तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. हवेच्या तोंडाजवळ सुरक्षितपणे पोचता आलं तर जाड फळी दाबून हवा बंद करा. हवा बंद की जाळ बंद. हात किंवा कापड लावू नका, ते आत खेचलं जातं.

दुसरा प्रकार कागदी फिल्टरचा. तो डिझेलनं किंवा पाण्यानं धुवायचा नाही. हलक्या हातानं झटकायचा आणि भरला की बदलायचा. फाटका फिल्टर पुन्हा बसवायचा नाही.

क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळीही दाबून बघा. तिला चीर असेल तर धूळ क्लीनरला वळसा घालून थेट आत जाते. नळीच्या आत बोट फिरवलं आणि धूळ लागली, तर कुठंतरी फट आहे हे नक्की.

आणि आपला श्वास?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या ज्या ताई दिवसभर गिरणीवर बसायच्या, त्यांचं डोकं दुखायचं, मळमळायचं. आम्ही म्हणायचो, ऊन लागलं असेल, दमल्या असतील. पीठ उडू नये म्हणून आम्ही खिडकी लावून घेत होतो, आणि सायलेन्सरचा पाइप त्याच खिडकीखाली सोडलेला होता. धूर परत आत यायचा. तोच इंजिन घ्यायचं आणि तोच आमच्या ताई घ्यायच्या.

अर्धवट जळलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, झोप येणं ही त्याची लक्षणं. बंद खोलीत तो जीव घेतो. गरोदर बाईला आणि लहान लेकरांना धोका अधिक. पेट्रोलवर चालणारा जनरेटर तर हा वायू आणखी जास्त सोडतो, म्हणून तो घरात, पडवीत किंवा मंडपात आडोशाला कधीही चालवू नये. कुणाला असा त्रास झाला तर आधी दारं-खिडक्या उघडा, इंजिन बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

आम्ही आता इंजिन आणि जातं यांच्यामध्ये भिंत घातली आहे. पट्ट्यापुरतं भोक ठेवलं आणि पट्ट्याला जाळीचं कुंपण केलं. सायलेन्सरचा पाइप छपराच्या वर, खिडकीपासून लांब नेला. हवेची नळी बाहेरच्या सावलीकडे फिरवली, कारण तापलेली हवाही विरळ असते. ३० अंशांची हवा ५० अंशांवर गेली की तेवढ्याच मापात सुमारे सहा टक्के कमी भरते. मधल्या भिंतीमुळे जाळीत पीठही फार कमी येतं. ताईंचं डोकं दुखणं थांबलं. आठ महिन्यांची बचत वाचली याचा आनंद आहेच, पण खरं सांगायचं तर या दुसऱ्या गोष्टीनं आम्ही जास्त हादरलो. पैसे पुन्हा साठवता आले असते.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे गिरणी असो, मळणीयंत्र असो की विहिरीवरचं इंजिन, उद्या एवढं करा. इंजिन बंद करा, पदर किंवा ओढणी खोचून घ्या, इंजिन थंड होऊ द्या. त्याचं नाक कुठं आहे ते शोधा. वाटी, जाळी, नळी बघा. धूर कुठं जातो ते बघा. आणि तुमच्या हिशेबाच्या वहीत एक रकाना वाढवा. आमच्या वहीत तो डिझेलच्या शेजारीच आहे. वर लिहिलंय, "हवा". रोज सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी वाटी बघायची आणि जिची पाळी असेल तिनं तिथं सही करायची. लोहाराच्या आजींना सही येत नाही. त्यांच्या पाळीला त्या अंगठा उठवतात, पण वाटी मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा बारकाईनं बघतात.